रक्तात इन्फेक्शन, म्हणजे नक्की कुठे?

"दादा, आईच्या रक्तात इन्फेक्शन सांगितलंय. किती आलंय?"

लॅबच्या खिडकीतून रिपोर्ट हातात घेतला की हा प्रश्न ठरलेला. साखर किती आली, हिमोग्लोबिन किती आलं, तसा इन्फेक्शनचाही एक आकडा कागदावर कुठेतरी असणार असं त्या माणसाला वाटत असतं. मी खिडकीच्या आतल्या बाजूचा. रक्त काढायचं, काचेवर पसरायचं, मायक्रोस्कोपखाली धरायचं, दिसेल ते लिहायचं. औषध सांगणं माझं काम नाही आणि इथेही मी ते करणार नाही. पण 'रक्तात इन्फेक्शन' या दोन शब्दांनी घराघरांत जो गोंधळ घातलाय तो थोडा सोडवता येईल.

हे शब्द आपण टायफॉइडला वापरतो, मलेरियाला वापरतो, डेंग्यूला वापरतो आणि आयसीयूत अत्यवस्थ असलेल्या म्हाताऱ्या माणसालाही वापरतो. या चौघांच्या अंगात मात्र चार वेगळ्या गोष्टी चाललेल्या असतात. एकाच्या रक्तात जंतू फिरत असतात. दुसऱ्याच्या तांबड्या पेशींच्या पोटात ते बसलेले असतात. तिसऱ्याच्या रक्तवाहिन्या पाझरू लागलेल्या असतात. आणि चौथ्याच्या रक्तात कित्येकदा शोधूनही जंतू सापडत नाही, तरी चौघांत तोच सगळ्यात जास्त धोक्यात असतो.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं आणि स्वस्थ बसलेलं असताना हृदय मिनिटाला तेवढंच रक्त ढकलतं. याचा अर्थ असा की पायाच्या जखमेतून आत गेलेला जंतू मिनिटाभरात मेंदूपर्यंत पोचू शकतो. मग आपण रोज आजारी का पडत नाही? सकाळी दात घासताना हिरडीतून चार जंतू रक्तात जातातच. दाढ काढली तर जास्त जातात. पण वाटेत यकृत आणि प्लीहा हे दोन पहारेकरी आहेत. प्लीहेला जुनी माणसं पाणथरी म्हणायची. या दोन्ही ठिकाणी रक्त अरुंद पोकळ्यांतून जातं, आणि तिथल्या पेशी असा आगंतुक दिसला की गिळून टाकतात. निरोगी माणसात हे काम काही मिनिटांत उरकतं. अपघातात ज्यांची प्लीहा काढावी लागली, त्यांना न्यूमोनियाच्या जंतूंविरुद्धच्या लशी का देतात ते यावरून कळेल. त्यांच्याकडे एक पहारेकरी कमी असतो.

टायफॉइडचा जंतू या पहारेकऱ्यांनाच फितवतो. दूषित पाण्यातून किंवा अन्नातून तो आतड्यात जातो, आतड्याच्या भिंतीतून पलीकडे निसटतो आणि ज्या पेशी त्याला गिळायला येतात त्यांच्या आत जिवंत राहतो. त्यांच्याच पाठीवर बसून यकृत, प्लीहा, हाडांतला मगज इथे मुक्काम करतो, वाढतो आणि मग मोठ्या संख्येने रक्तात उतरतो. ताप येतो तो तेव्हा. म्हणून तापाच्या पहिल्या आठवड्यात जंतू रक्तात सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

आपल्याकडे टायफॉइड ठरतो मात्र विडाल टेस्टवर. "टायफॉइड प्लस आलाय" हे वाक्य पावसाळ्यात इतक्या वेळा ऐकू येतं की हसावं की रडावं कळत नाही. विडाल नावाच्या फ्रेंच डॉक्टरची ही चाचणी १८९६ सालची आहे. ती जंतू शोधत नाही. जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिद्रव्यं शोधते. आणि आपल्या गावांत, जिथे टायफॉइडचा जंतू पिढ्यान् पिढ्या पाण्यातून फिरतोय, तिथे धडधाकट माणसाच्या रक्तातही ती प्रतिद्रव्यं थोडीफार सापडतात. पूर्वी कधी टायफॉइड होऊन गेलेला असतो, कधी लस घेतलेली असते, कधी भलत्याच तापाने ती वाढलेली असतात. एकाच विडालवर टायफॉइडचा शिक्का मारणं म्हणजे अंगणात जुनी पावलं दिसली म्हणून चोर आत्ता घरात आहे असं म्हणणं. मी स्वतः असंख्य विडाल केल्या आहेत, अजून करतो, कारण चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. पण मला विचाराल तर माझा भरवसा ब्लड कल्चरवर.

कल्चर म्हणजे रक्तातला जंतू बाटलीत वाढवून बघणं. इथे नातेवाइकांची नेहमीची तक्रार असते, "एवढं रक्त कशाला काढता हो, आधीच तिच्या अंगात रक्त नाही." मोठ्या माणसाच्या एका बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त लागतं, आणि अशा निदान दोन वेळा, दोन वेगळ्या जागांवरून. कारण सरळ आहे. इन्फेक्शन रक्तात आहे म्हणजे रक्त जंतूंनी गजबजलंय असं नसतं. गंभीर आजारी माणसाच्या एका मिलिलिटर रक्तात एखादाच जिवंत जंतू असू शकतो, कधी तेवढाही नसतो. थेंबभर रक्तात तो सापडणार कसा? बाटलीत पोषक द्रव असतो. ती उबेला ठेवतात, यंत्र तिच्यात जंतूंच्या श्वासातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वाढतोय का यावर नजर ठेवतं. पाच दिवस वाट बघायची असते, पण खरा जंतू असला तर बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांतच दिसतो. दोन जागांवरून रक्त काढायचं कारण म्हणजे आपली कातडी. तिच्यावर निरुपद्रवी जंतू कायम असतात आणि सुईसोबत एखादा बाटलीत पडतो. दोन्ही बाटल्यांत तोच जंतू उगवला तर गोष्ट गंभीर. एकातच कातडीवरचा नेहमीचा सापडला तर तो बहुधा सुईचा पाहुणा.

आणि कल्चरचं सगळ्यात मोठं नुकसान आपण घरीच करतो. मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या पोटात गेल्या की बाटली कोरी राहते. जंतू मेलेले नसतात, फक्त अर्धमेले असतात, बाटलीत वाढत नाहीत. मग कुठला जंतू, त्याला कुठलं औषध लागू पडेल, हे अंधारात चाचपडावं लागतं. आधी बाटली, मग गोळी. अत्यवस्थ रुग्णात मात्र बाटलीसाठी औषध थांबवत नाहीत, तिथे मिनिटं मोजायची असतात. त्याकडे शेवटी येतो.

आता मलेरिया. सरकारी कागदांत हिवताप, आजीच्या तोंडी थंडीताप. तो मायक्रोस्कोपखाली इतका सुंदर दिसतो की लाज वाटावी. बोटाला टोचून काचेवर दोन ठिकाणी रक्त घेतात. एक जाड थेंब, एक पातळ पसरलेला. जाड थेंबातल्या तांबड्या पेशी पाण्याने फुटून जातात आणि त्यांच्या पोटातले परजीवी तेवढे उरतात, म्हणून तो 'आहे का' हे सांगायला चांगला. पातळ थरात पेशी अखंड असतात, म्हणून 'कुठला आहे' ते तिथे कळतं. सरकारी दवाखान्यांत या स्लाइडला जो रंग देतात त्याला आम्ही जेएसबी म्हणतो. जसवंत सिंग आणि भट्टाचारजी या आपल्याच दोन संशोधकांची ही आद्याक्षरं आहेत, १९४४ सालापासूनची. रंग चढला की तांबड्या पेशीत निळसर कडं आणि त्याच्यावर लाल खडा, अगदी खड्याच्या अंगठीसारखं. आमच्या भाषेतही त्याला रिंगच म्हणतात.

या परजीवीने राहायला तांबडी पेशीच का निवडली असेल? शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीकडे एक सोय असते. आत कोणी घुसलं तर त्याचे तुकडे ती आपल्या पृष्ठभागावर मांडते, ते पाहून मारेकरी पेशी येतात आणि घुसखोरासकट तिला संपवतात. तांबड्या पेशीला केंद्रकच नसतं. प्राणवायू वाहून नेण्यासाठी तिने बाकी सगळं सामान टाकून दिलेलं असतं, त्यात ही सोयही गेली. आत कोणी बसलं तरी तिला ओरडता येत नाही. परजीवी आत बसून हिमोग्लोबिन खातो, स्वतःच्या प्रती काढतो आणि ४८ तासांनी पेशी फोडून बाहेर पडतो. कोट्यवधी पेशी एकाच वेळी फुटतात तेव्हा थंडी वाजते, दात कडकड वाजतात, तीन गोधड्या घातल्या तरी भागत नाही. मग सणसणून ताप, मग घाम. एक दिवस आड हेच. 'एकांतरा' ताप म्हणायचे तो हाच. परजीवी काय असतो हे कुणाला ठाऊक नव्हतं तेव्हा आपल्या लोकांनी त्याचं वेळापत्रक नेमकं टिपलेलं होतं.

तो परजीवी आहे हे लावरां या फ्रेंच लष्करी डॉक्टरने १८८० मध्ये अल्जीरियात पाहिलं. तो डासातून येतो याचा धागा रोनाल्ड रॉस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरला २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत सापडला. हुसेन खान नावाच्या रुग्णाने डासांकडून स्वतःला चाववून घेतलं होतं, डासामागे एक आणा घेऊन. त्यातल्या एका डासाच्या पोटाच्या भिंतीत रॉसला वाढणारा परजीवी दिसला. नोबेल रॉसला मिळालं, १९०२ साली. हुसेन खानला आणे मिळाले.

मुंबईची गोष्ट या मागोमाग येते. ब्रिटिश मलेरियातज्ज्ञ डॉ. बेंटले यांनी १९११ मध्ये मुंबईच्या हिवतापावर अहवाल दिला आणि बोट ठेवलं ते शहरातल्या घरोघरच्या विहिरींवर. मलेरियाचा शहरी डास, अ‍ॅनोफेलिस स्टीफेन्सी, गटारात अंडी घालत नाही. त्याला स्वच्छ, साठलेलं पाणी लागतं. विहिरी बुजवायचं ठरलं तेव्हा विरोधही झाला, विशेषतः पारशी समाजातून, कारण त्यांच्या काही विहिरी पवित्र होत्या. आज विहिरी गेल्या आणि त्यांची जागा गच्चीवरच्या उघड्या टाक्यांनी, बांधकामावर साठवलेल्या पाण्याने घेतली. डासाची काही गैरसोय झाली नाही.

मलेरियाचे आपल्याकडे मुख्य दोन प्रकार. व्हायवॅक्स आणि फाल्सिपेरम. व्हायवॅक्स फक्त कोवळ्या तांबड्या पेशींत शिरतो, त्यामुळे रक्तात त्याची संख्या बेताची राहते. पण त्याची खोड वेगळी आहे. डास चावल्यावर परजीवी आधी यकृतात जातो, तिथे वाढून मग रक्तात येतो. व्हायवॅक्सचे काही परजीवी यकृतातच झोपून राहतात आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी उठतात. ताप उतरवणाऱ्या तीन दिवसांच्या गोळ्या या झोपलेल्यांना शिवतही नाहीत. त्यासाठी प्रायमाक्विनच्या १४ दिवसांच्या गोळ्या असतात आणि नेमक्या त्याच लोक अर्ध्यावर सोडतात. ताप गेला, आता कशाला? दिवाळीला पुन्हा ताप आला की "आमच्याकडे मच्छर फार" म्हणतात. कित्येकदा तो नवा डास नसतो, जुनाच भाडेकरू असतो. प्रायमाक्विनआधी जी-सिक्स-पीडी नावाची तपासणी सांगितली तर टाळू नये. काहींच्या तांबड्या पेशींत या नावाचं विकर (एन्झाइम) कमी असतं आणि या गोळीने त्यांच्या पेशी फुटतात. गरोदर बाईला ही गोळी देत नाहीत.

फाल्सिपेरम कुठल्याही वयाच्या तांबड्या पेशीत शिरतो, म्हणून झपाट्याने वाढतो. वर त्याला प्लीहेची भीती आहे. परजीवी बसलेली पेशी कडक होते, प्लीहेच्या चिंचोळ्या फटींतून जाताना अडकते आणि मारली जाते. हे टाळायला फाल्सिपेरम पेशीच्या अंगावर चिकट गाठी उगवतो आणि ती बारीक रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटवून टाकतो. रक्त फिरतं, ही पेशी फिरत नाही. अशा पेशींनी मेंदूतल्या केशवाहिन्या तुंबल्या की माणूस बरळतो, झटके येतात, बेशुद्ध होतो. आणि बोटातून घेतलेल्या थेंबात मोजकेच परजीवी दिसतात, कारण बाकीचे आत भिंतीला चिकटलेले. म्हणून एक एमपी, म्हणजे मलेरियाच्या परजीवीची तपासणी, निगेटिव्ह आली तरी ताप तसाच असेल तर पुन्हा स्लाइड काढायला सांगतात. लॅबवाला चुकला असेलच असं नाही.

राज्यात हा फाल्सिपेरम सर्वात छळतो गडचिरोलीला, भामरागड, एटापल्ली, धानोरा या जंगलपट्ट्यात. आणि विदर्भातल्या, नंदुरबारकडच्या आदिवासी भागांतच सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या करणारा आनुवंशिक आजारही जास्त आढळतो, हा योगायोग नाही. आई आणि वडील यांपैकी एकाकडूनच सिकलसेलचा जनुक आला असेल तर माणूस वाहक असतो, आजारी नसतो. त्याच्या तांबड्या पेशीत परजीवी शिरला की ती पेशी वाकडी होते, आणि प्लीहा परजीवी मोठा व्हायच्या आत ती उचलते. हजारो वर्षं मलेरियात अशी माणसं जास्त वाचली, त्यांची मुलं वाचली, जनुक टिकला. पण दोन्हीकडून जनुक आलेल्या मुलाला त्याची किंमत आयुष्यभर मोजावी लागते. त्याची प्लीहा लहानपणीच निकामी होते आणि मग ताप हा त्याच्यासाठी नेहमीच तातडीचा विषय.

विदर्भाचा विषय निघालाच आहे तर हत्तीरोगाला वगळता येणार नाही, जरी तो रक्तापेक्षा लसिकावाहिन्यांचा आजार. रक्तवाहिन्यांतून जो पातळ रस ऊतींत झिरपतो तो गोळा करून परत रक्तात सोडणारी एक समांतर गटारव्यवस्था अंगभर असते. हत्तीरोगाचे दोऱ्यासारखे जंत त्या नळ्यांत वर्षानुवर्षं राहतात. नळ्या निकामी होतात, रस साठतो, पाय सुजतो, पुरुषांत अंडवृद्धी होते. त्यांची पिल्लं मात्र रक्तात येतात आणि तीही रात्री, साधारण १० ते २ च्या सुमारास. दिवसा ती फुप्फुसांतल्या बारीक वाहिन्यांत दडून असतात. ज्या क्युलेक्स डासातून त्यांना पुढच्या घरी जायचंय तो रात्री चावतो, म्हणून. आरोग्य खात्याची माणसं रात्री दार वाजवून बोटाला टोचायला येतात ती हौस म्हणून नव्हे. दुपारी चारला तेच रक्त घेतलं तर स्लाइड स्वच्छ. सामूहिक औषधाच्या गोळ्या समोर उभं राहून गिळायला लावतात तेव्हा वाद घालू नये, कारण पाय सुजल्यावर ती सूज पूर्ण ओसरत नाही.

डेंग्यूत आपण सगळे मिळून एका आकड्याच्या मागे लागलोय. "पेशी कमी झाल्यात" म्हटलं की महाराष्ट्रात कुणालाही कळतं की विषय प्लेटलेटचा आहे. सकाळी ८०,००० होत्या, संध्याकाळी ६२,०००, आणि घर सुतकात. पपईच्या पानांचा रस, किवी, ड्रॅगनफ्रूट. फळवाल्यांचा हंगाम होतो. खा, फळं वाईट नाहीत. पण डेंग्यूत माणूस प्रामुख्याने दगावतो तो प्लेटलेटच्या आकड्यामुळे नव्हे. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. डेंग्यूत ती पकड सैल होते आणि रक्तातलं पाणी वाहिनीबाहेर पोटात, छातीत पाझरतं. वाहिनीत उरतं ते घट्ट झालेलं, कमी पडणारं रक्त. रक्तदाब कोसळतो तो त्यामुळे.

म्हणून रिपोर्टात प्लेटलेटच्या चार ओळी वर असलेला एक आकडा बघायला हवा, हिमॅटोक्रिट किंवा पीसीव्ही. रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण किती ते तो सांगतो. तो चढत चालला तर पाणी बाहेर पाझरतंय. डॉक्टर सलाइनचा वेग त्यावर ठरवतात. आणि या पाझरण्याची वेळ फसवी आहे. विषाणू रक्तात साधारण पहिले पाच दिवस असतो, विषाणूचं प्रथिन शोधणारी एनएस-१ तपासणी तेव्हाच कामाची. पाझरणं सुरू होतं ते बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसांत, ताप उतरताना. घरचे म्हणतात, ताप गेला, सुटलो. पुढचे २४ ते ४८ तासच जपायचे असतात. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, काळी शी, हातपाय गार, विलक्षण मरगळ किंवा चिडचिड, लघवी कमी, यातलं काही दिसलं तर थर्मामीटरकडे बघत बसू नये. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट चढवायचा विचार साधारण १०,००० च्या खाली गेल्यावर करतात. उगाच चढवलेल्या प्लेटलेट फार टिकत नाहीत आणि कधी त्रासच देतात. तापात ॲस्पिरिन, ब्रुफेनसारख्या गोळ्या घेऊ नयेत, पॅरासिटामॉल पुरते.

आता जिथे जंतू गेला तर शोधायला सर्वात कठीण ती जागा, हृदयाच्या झडपा. झडप म्हणजे पातळ पडदा. तिच्या आत स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळपास नसतातच, त्यामुळे पांढऱ्या पेशी तिच्या पोटात पोचत नाहीत. चांगली गुळगुळीत झडप असेल तर जंतू घसरून जातात. पण झडप आधीच खरवडलेली असेल तर दात घासताना रक्तात गेलेल्या त्या चार जंतूंपैकी एखादा तिथे बसतो. त्याच्यावर प्लेटलेट आणि धाग्यांचं जाळं साचतं, जाळ्यात आणखी जंतू. फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा गड्डा तयार होतो. त्याचे कण सुटून रक्ताबरोबर जातात. मेंदूत गेला तर लकवा, मूत्रपिंडात गेला तर लघवीत रक्त. बाहेरून दिसतो तो नुसता बारीक ताप, वजन घटणं, थकवा, आठवडेच्या आठवडे. टीबीची औषधंही सुरू झालेली असतात कधी. पेनिसिलिन येण्याआधी हा रोग जवळजवळ नेहमी जीव घ्यायचा. आजही शिरेतून चार ते सहा आठवडे औषध द्यावं लागतं. एवढं का, तर त्या गड्ड्याच्या आत औषध झिरपायलाच वेळ लागतो. आणि इथे कल्चरच्या त्या बाटल्यांवाचून निदान फार अवघड. कृत्रिम झडप बसवलेल्या माणसाने दाढ काढण्याआधी दातांच्या डॉक्टरांना तसं सांगायलाच हवं, आधी अँटिबायोटिकचा एक डोस घ्यायचा असतो.

झडप मुळात खरवडते कशाने? आपल्याकडे अनेकांची बालपणीच्या घशामुळे. ५ ते १५ वयातल्या मुलाचा घसा एका विशिष्ट स्ट्रेप्टोकॉकसने सुजतो. दोन-तीन आठवड्यांनी, घसा विसरून गेल्यावर, गुडघा सुजतो, मग कोपर, मग घोटा. जंतू हृदयात गेलेला नसतो. त्याच्याविरुद्ध बनलेली हत्यारं झडपेलाच जंतू समजतात, कारण दोघांच्या रचनेत थोडं साम्य आहे. हा संधिवाताचा ताप. सांधे पूर्ण बरे होतात, झडप होत नाही. वर्षं जातात. मुलीचं लग्न होतं, दिवस जातात, गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढतं आणि अरुंद झालेली झडप ते पेलू शकत नाही. दम लागतो. तेव्हा पहिल्यांदा कोणीतरी छातीला स्टेथोस्कोप लावतं. कित्येक बायांचा हृदयरोग असा बाळंतपणाच्या दारात कळलेला आहे.

असा घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन दिलं तर हे सगळं बहुतेक वेळा टळतं. प्रत्येक घशाला अँटिबायोटिक नको, बहुतेक घसे विषाणूंचे असतात आणि आपोआप बरे होतात. सर्दी-खोकला नाही, ताप आहे, गिळताना जबर दुखतंय, जबड्याखाली गाठी आल्यात, असं असेल तर मात्र डॉक्टरांना घसा दाखवावा. ज्या मुलाला हा ताप एकदा होऊन गेलाय त्याला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं, वयाच्या एकविशीपर्यंत, झडप बिघडली असेल तर चाळिशीपर्यंत किंवा पुढेही. ते इंजेक्शन भयंकर दुखतं. मुलं पळतात, आया रडतात, दोन-चार चुकतात. आमच्या आवारात या इंजेक्शनच्या दिवशी मी कुणालाही "काही होत नाही रे" म्हणत नाही. दुखतं.

राहिला तो आयसीयूतला चौथा. सेप्सिस. २०१७ सालासाठीचा जागतिक अंदाज असा की वर्षात ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख दगावले, म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंत साधारण एक. तरी मृत्यूच्या दाखल्यापलीकडे हा शब्द घरात शिरलेला नाही. पूर्वी 'रक्तात विष पसरलं' म्हणायचे. आता व्याख्या अशी की इन्फेक्शनला तोंड देताना शरीराचा प्रतिसाद इतका बेताल होतो की त्याने स्वतःचेच अवयव बिघडतात. सुरुवात कुठूनही होते. न्यूमोनिया, लघवीचं इन्फेक्शन, पित्ताशय, मधुमेही पायाची जखम, बाळंतपण. लढाईचा इशारा एका जागेपुरता राहायला हवा तो अंगभर जातो. सगळ्या वाहिन्या सैलावतात, पाझरतात, बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात. रक्त आहे, पण पेशींपर्यंत पोचत नाही. कल्चर निगेटिव्ह आलं तरी हे सगळं चालू असू शकतं, म्हणून मी सुरुवातीला म्हटलं की या माणसाच्या रक्तात जंतू सापडेलच असं नाही. पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात किंवा फार घटलेल्या, दोन्ही वाईट. रक्तातलं लॅक्टेट वाढत असेल तर पेशींची उपासमार सुरू झालीय. रक्तदाब पडला असेल तर अँटिबायोटिक पहिल्या तासात जायला हवं.

घरी कळायला लॅब लागत नाही. श्वास मोजा. स्वस्थ पडलेल्या मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला २२ किंवा त्याहून जास्त असेल, वरचा रक्तदाब १०० किंवा खाली असेल, आणि माणूस गोंधळल्यासारखा वागत असेल, यातल्या दोन गोष्टी एकत्र आल्या तर गाडी काढा. लघवी सहा-आठ तासांत झालेली नसणं, हातपाय गार आणि चट्टेदार दिसणं हेही तसंच. म्हाताऱ्या माणसांत ताप असेलच असं नाही, उलट अंग थंड लागतं. मग घरचे म्हणतात, "आजी कालपासून काहीतरी वेगळंच बोलतेय, वयामुळे असेल." कालपर्यंत नातवंडांची नावं नीट घेणारी बाई एका रात्रीत वयामुळे गोंधळत नाही.